नीरोचं फिडल कुठून आलं?

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला रोमच्या आगीवरचा लेख वाचला, छान होता, पण 'रोम जळत होतं तेव्हा नीरो फिडल वाजवत होता' हे परत एकदा छापून आलंच आणि आधार काय तर 'इतिहासकारांच्या मते'. अहो कुठल्या इतिहासकाराच्या? आग लागली इ.स. ६४ ला आणि फिडल म्हणजे व्हायोलिन आलं १६व्या शतकात!

मग बसलो शोधत. आधी गुगल केलं, सगळ्या साइट्स एकमेकांवरून कॉपी मारलेल्या. शेवटी टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सियस डिजिटल लायब्ररीत गेलो (फुकट आहे, पण दिसायला जुनाट आणि कधीकधी रडतखडत चालते) आणि रोमन इतिहासकार टॅसिटसचं 'ॲनल्स' उघडलं, पुस्तक १५, परिच्छेद ३९. तो सांगतो की आग लागली तेव्हा नीरो रोमबाहेर अँटियम नावाच्या गावी होता, वाड्याजवळ आग आल्यावर परतला, बेघर झालेल्यांसाठी स्वतःच्या बागा उघडल्या, धान्याचा भाव उतरवला, पण काही उपयोग झाला नाही कारण शहर जळताना त्याने ट्रॉयच्या नाशाचं गाणं म्हटलं अशी अफवा पसरली होती. अफवा, असं टॅसिटस स्वतःच म्हणतो.

आता रोमन चरित्रकार स्युटोनियस काढा, त्याने लिहिलेलं नीरोचं चरित्र, परिच्छेद ३८. हा आगीनंतर जन्मलेला माणूस, आणि याच्याकडे अफवा हा शब्दच गायब, नीरो थेट रोममधल्या मिसेनसच्या मनोऱ्यावर उभा राहून गातोय. आगीनंतर दीडशेएक वर्षांनी डिओ हा इतिहासकार लिहितो तेव्हा तर नीरो राजवाड्याच्या छपरावर, अंगात किथारा (एक जुनं तंतुवाद्य) वाजवणाऱ्यांचा पोशाख. त्यात गंमत म्हणजे डिओचा हा भाग मूळ स्वरूपात उरलेलाच नाही, आपण वाचतो तो ११व्या शतकातल्या एका साधूने केलेला सारांश. हे दोघंही लाकुसकर्टियस नावाच्या साइटवर इंग्रजीत मिळतात, तीही फुकट.

लोएब या ग्रीक-लॅटिन ग्रंथमालेचे जुने खंड इंटरनेट आर्काइव्हवर आहेत, डावीकडे मूळ, उजवीकडे इंग्रजी, ग्रीक हिरवे आणि लॅटिन लाल. फक्त जुन्या भाषांतरावर डोळे झाकून विसंबू नका, रोमन कवी मार्शलच्या चावट कविता आल्या की त्यांनी इंग्रजीऐवजी चक्क इटालियन छापलंय!

अजून एक, आपल्याकडे संदर्भ म्हणून पान नंबर देतात आणि तिथेच घोळ होतो, कारण माझ्याकडची आवृत्ती वेगळी, तुमच्याकडची वेगळी. या प्राचीन लेखकांच्या ग्रंथांचे संदर्भ-नंबर कुठल्याही आवृत्तीत, कुठल्याही भाषेत तेच राहतात. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोचा गुहेचा प्रसिद्ध दृष्टांत म्हणजे त्याच्या 'रिपब्लिक' ग्रंथातला ५१४, हा नंबर १५७८ साली छापलेल्या आवृत्तीतल्या पानाचा आणि आजही तोच चालतो. कॉलेजच्या पोरांना हे कोणी सांगत नाही, मलाही कोणी सांगितलं नव्हतं, वर्षभर पानं उलटण्यात गेलं.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी 'इतिहासकारांच्या मते' काढून तिथे 'टॅसिटस १५.३९' छापा, उलट जागा कमीच लागेल.

आपला,
एक नियमित वाचक