चि. सानिकास, डोळ्यांविषयी

इंदूर, रविवार

चि. सानिका,
अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी तू फोन मधेच ठेवलास, म्हणून लिहिते आहे. डोळे तपासून घे हे पुन्हा सांगणार नाही.

रिपोर्ट दादाने पाठवला असेलच. फुक्स डिस्ट्रॉफी. कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक भागाच्या, आतल्या एकेरी थरात मोठ्या माणसाच्या चौरस मिलिमीटरला साधारण अडीच हजार पेशी असतात. माझ्या उजव्या डोळ्यात हजाराच्याही खाली आल्यात. डॉक्टर समजावू लागले तर पुढचं मीच सांगितलं, की या पेशी गेल्या की माणसात नव्या येत नाहीत, उरलेल्या पसरून जागा भरतात. “मॅडम, तुम्ही डॉक्टर आहात का?” म्हणाले. म्हटलं, माझी मुलगी यावरच काम करते.

गेल्या दिवाळीत मी चकल्या तळत होते आणि तू ओट्याला टेकून सांगत होतीस. पेशीच्या पडद्यातला पंप दर फेरीला तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो. या पंपांच्या जोरावर कॉर्नियातलं जास्तीचं पाणी आतल्या द्रवात ओढलं जातं, म्हणून तो पारदर्शक राहतो. मग ती काचेची नळी, मायक्रॉनभर टोकाची, पेशीला चिकटवायची आणि एकाच चॅनेलमधला, म्हणजे पेशीच्या पडद्यातल्या एका इवल्या दारातला, प्रवाह मोजायचा. पिकोअँपिअर! आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत मिलिअँपिअर दिसला तरी पोरं खूश व्हायची. तू त्याच्या अब्जाव्या भागाशी झगडतेस, आणि तेही गॉटिंगेनमध्ये, जिथे नेहर आणि साकमान यांनी १९७६ साली तो मोजून दाखवला. १९९१ला त्यांना नोबेल मिळालं तेव्हा मी दोघांची नावं फळ्यावर लिहिली होती. तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस.

तुझी आजी रामबागेतल्या गॅलरीत उभी राहून सकाळी म्हणायची, “आज धुकं फार आहे गं.” इंदुरात, एप्रिलात! दहा-अकरापर्यंत तिचं धुकं उतरायचं. नंदा म्हणायची मोतीबिंदू, सगळेच म्हणायचे. झोपेत पापण्या मिटलेल्या, अश्रू वाळत नाहीत, कॉर्नियात पाणी साचतं, हे कोणाला माहीत होतं? आता माझंही तसंच. सकाळी चहाच्या कपाची कड दिसत नाही. आजी, मग मी. हे घराण्यात उतरतं, बायकांत जास्त, तुला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे.

तुझ्या वयात बहुधा काही दिसत नाही म्हणालीस. मान्य. पण परवाच्या फोटोत तुझे डोळे लाल होते. रात्री दोनपर्यंत मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचं, पाव खाऊन झोपायचं, चष्म्याचा नंबर वाढला तरी सांगायचं नाही... बघ, पुन्हा सुरू झाले. रागावू नकोस. वर्गात बोलायची सवय लागली ती सुटत नाही.

माझ्यासाठी धावत येऊ नकोस. सध्या पाच टक्के मिठाचे थेंब दिलेत, चुरचुरतात, पण सूज ओढून घेतात. पुढे लागलंच तर हल्ली फक्त तो पातळ थर बदलतात, अख्खा कॉर्निया नाही. बाबा आणि दादा आहेत. तुझा प्रबंध अर्धवट राहिलेला मला चालणार नाही. शेव कुरियरने पाठवली आहे.

तिथल्या नेत्रविभागात स्पेक्युलर, म्हणजे या पेशी मोजायची तपासणी, करून घे. डोळ्याला काही लागत नाही, नुसता फोटो काढतात. आणि मला ‘नॉर्मल’ एवढंच कळवू नकोस, आकडा लिही. दोन्ही डोळ्यांचा वेगवेगळा.

तुझी,
आई