मायक्रोस्कोपवरचं कव्हर उचलून बघ

कराड, २२ जून

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

चार-पाच दिवसांपूर्वी तू फोनवर विचारलंस, "आप्पा, बी.एस्सी.चं चौथं वर्ष करू की थर्ड इयर झालं की एम.एस्सी.ला जाऊ?" आणि मी "बघू" म्हणून फोन तुझ्या आईकडे दिला. टाळाटाळ नव्हती गं, खरंच उत्तर येत नव्हतं. तीस वर्षं बॉटनीच्या लॅबमध्ये अटेंडंट आहे, आपल्या कॉलेजातून एम.एस्सी.ला गेलेली पोरं मोजायला बसलो तर बोटं पुरणार नाहीत. पण हे नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून सरांनाही परिपत्रक समोर ठेवून बोलावं लागतं, तिथं माझी काय कथा. मग तीन-चार दिवस विचारत राहिलो, वाचत राहिलो आणि आता लिहितोय. फोनवर तू मध्येच "हो हो, कळलं" म्हणतेस, म्हणून पत्र.

आधी चौथ्या वर्षाचं. तीन वर्षांवर डिग्री घेतलीस तर पुढं एम.एस्सी. दोन वर्षांची. चार वर्षांची ऑनर्स केलीस तर एम.एस्सी. एका वर्षाची. बेरीज दोन्हीकडून पाचच. पुण्याची थेट एस.टी. पकड नाहीतर साताऱ्याला बदल, अंतर तेवढंच. फरक आहे तो इथं: चौथ्या वर्षी 'ऑनर्स विथ रिसर्च' घ्यायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के लागतात. आणि त्या चार वर्षांच्या डिग्रीला ७५ टक्के पडले, तर एम.एस्सी. न करता थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो. एरवी पीएच.डी.ला एम.एस्सी. ५५ टक्क्यांनी पास असावं लागतं, आरक्षणात ५ टक्क्यांची सूट. म्हणजे ज्याला संशोधनच करायचंय आणि मार्कही आहेत त्याचं वर्ष वाचतं. तुझे चार सेमिस्टरचे मिळून ७१ आहेत. मी कागदावर मांडून बघितलं, उरलेल्या दोन्हींत ८३-८३ पाडलेस तर सरासरी ७५ होते. पाडणार नाहीस असं म्हणत नाही, पण त्यावर सगळा डाव लावू नकोस.

आणि माझं मत विचारशील तर मार्क असते तरी मी तुला दोन वर्षांच्या एम.एस्सी.लाच जा म्हटलं असतं. कारण साधं आहे. चौथं वर्ष तू त्याच कॉलेजात करणार, त्याच लॅबमध्ये, ज्या मॅडमनी तीन वर्षं शिकवलं त्याच गाइड. बाई चांगल्या आहेत, तू सांगतेसच. पण दुसऱ्या ठिकाणची माणसं काम कसं करतात ते एकदा बघायला हवं. मी स्वतः एकाच लॅबमध्ये तीस वर्षं काढली, मला नको सांगूस त्यात काय हरवतं ते.

आता एम.एस्सी.त असतं काय. आपल्या राज्यात नव्या आराखड्यात चार सेमिस्टर, प्रत्येकी २२ क्रेडिट, एकूण ८८. त्यातली बहुतेक मुख्य विषयाची, प्रत्येक सेमिस्टरला ४ ऐच्छिकाची. पहिल्या सेमिस्टरला रिसर्च मेथडॉलॉजीचे ४. दुसऱ्याला ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्टचे ४, म्हणजे १२० तास कुठंतरी प्रत्यक्ष काम. तिसऱ्याला संशोधन प्रकल्पाचे ४ आणि चौथ्याला ६. एक वर्ष करून बाहेर पडलीस तर ४४ क्रेडिटवर पी.जी. डिप्लोमा हातात देतात. तो अडीअडचणीला असू दे, ठरवून घेऊ नकोस. तीन वर्षांच्या डिग्रीनंतर नेटला, म्हणजे सीनियर कॉलेजात शिकवायच्या पात्रता परीक्षेला, बसायचं तर एम.एस्सी. लागते, ज्युनिअर कॉलेजला शिकवायचं तर एम.एस्सी. आणि वर बी.एड. डिप्लोम्याला विचारतं कोण?

प्रकल्पाचे हे १० क्रेडिट सगळ्यात महत्त्वाचे, आणि पोरं नेमकी तिथंच गोत्यात येतात. बॉटनीत तर फारच. विद्यापीठाचं वेळापत्रक एक आणि झाडांचं दुसरंच. तिसरं सेमिस्टर पावसाळ्यात, म्हणजे कास पठार फुलतं तेव्हा तुम्ही विषय ठरवत बसलेले असता. विषय पक्का होऊन गाइडची सही होईतो दिवाळी येते आणि पठार वाळून पिवळं पडतं. मग चौथ्या सेमिस्टरला फील्डवरचा विषय सोडून पोरं लॅबमध्ये कसल्यातरी पानांचा अर्क काढून बॅक्टेरियावर टाकत बसतात. दरवर्षी तेच अर्क, तेच बॅक्टेरिया, झाडाचं नाव तेवढं वेगळं. कारवीवर काम करायचं म्हणशील तर ती सात-आठ वर्षांनी फुलते आणि तुझी एम.एस्सी. दोनच वर्षांची! म्हणून पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यातच विषय ठरव, मेमध्ये गाइडशी बोल, आणि जंगल खात्याची परवानगी लागणार असेल तर अर्ज तेव्हाच टाक. ती परवानगी पाऊस बघून येत नाही.

प्रवेशाचे रस्ते तीन-चार आहेत. साध्या कॉलेजात बहुतेक ठिकाणी थर्ड इयरच्या मार्कांवर मेरिट लिस्ट लागते. विद्यापीठाच्या विभागात जायचं तर विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा. केंद्रीय विद्यापीठांना सीयूईटी-पीजी ही सामायिक प्रवेश परीक्षा, ती साधारण मार्चमध्ये, फॉर्म हिवाळ्यात निघतात. आय.आय.टी.त एम.एस्सी.ला जायचं तर जॅम नावाची परीक्षा. जॅमचे फॉर्म सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, परीक्षा फेब्रुवारीत, म्हणजे थर्ड इयर चालू असतानाच. दरवर्षी कुणीतरी निकाल लागल्यावर जूनमध्ये लॅबला येतं आणि "जॅमचं काय करू?" विचारतं. गाडी जाऊन चार महिने झालेले असतात. तू आत्ता जूनमध्ये आहेस, तुला वेळ आहे.

पण जॅममध्ये बॉटनीचा पेपर नाही. आपल्यासाठी एकच, बायोटेक्नॉलॉजीचा. तीन तास, ६० प्रश्न, १०० मार्क. पर्यायवाल्या पहिल्या ३० प्रश्नांना चुकलं तर मार्क कापतात, बाकीच्यांना नाही. आणि त्यात केमिस्ट्री, फिजिक्स, गणितही येतं. गॅट-बी म्हणून दुसरी एक परीक्षा आहे, केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीनं चालणाऱ्या कोर्सेसना, त्यात पुणे विद्यापीठाचं बायोटेक्नॉलॉजीही येतं. तिच्या पहिल्या भागात बारावीच्या पातळीचे ६० प्रश्न: फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायोलॉजी, सगळे सक्तीचे, चुकीला अर्धा मार्क वजा. दुसऱ्या भागात १०० पैकी ६० सोडवायचे, प्रत्येकी ३ मार्क, चुकीला एक वजा. एकूण २४०. या वाटेनं प्रवेश मिळाला तर महिन्याला ५,००० रुपये विद्यावेतनही असतं, ते माझ्या पगारात बसून बघ किती मोठं आहे. पण तू अकरावीला गणित सोडलंस तेव्हा मीच म्हणालो होतो, "सोड, डोक्याला ताप." ती चूक माझी. माळ्यावरून तुझ्या दादाची अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं काढून ठेवलीत, गणपतीला आलीस की घेऊन जा.

विषय बदलायचा असेल तर यू.जी.सी.चा आता आक्षेप नाही. डिग्रीला कुठलाही विषय असो, ज्या विषयाची प्रवेश परीक्षा पास होशील त्यात एम.एस्सी. करता येते, असं त्यांचा आराखडा म्हणतो. तरी ज्या विद्यापीठात जाणार त्याचं माहितीपत्रक ओळ न ओळ वाच, कारण शेवटी खिडकीवरचा माणूस तेच बघणार. आणि डिग्रीवर विषयाचं नाव काय छापतात तेही बघ. आपल्या लॅबचा एक हुशार मुलगा, लांबलचक नावाच्या कसल्याशा स्पेशल कोर्सला गेला. दोन वर्षांनी तासिका तत्त्वावरच्या जागेला अर्ज केला, सीएचबीला गं, कायमच्या नाही. जाहिरातीत 'वनस्पतिशास्त्र' होतं, याच्या डिग्रीवर तो शब्दच नव्हता. छाननीत बाहेर. त्याला माझ्याच सरांइतकं येत होतं.

आता जे कुठल्या माहितीपत्रकात नसतं ते सांगतो. कॉलेज नक्की करण्याआधी लॅब बघून ये. हेड सरांना भेट, नमस्कार कर, पण प्रश्न अटेंडंटला विचार. हसू नकोस. कांद्याच्या मुळाचा स्क्वॅश, म्हणजे मुळाचं टोक काचपट्टीवर दाबून पेशी बघायच्या ते, मुलं स्वतः करतात का, एवढंच विचार. ज्या लॅबमध्ये करतात, तिथला अटेंडंट लगेच सांगेल की मुळं सकाळी साडेआठ-नऊच्या सुमाराला कापावी लागतात, तेव्हा पेशींचं विभाजन जोरात असतं, म्हणून प्रॅक्टिकलच्या दिवशी त्याला लवकर यावं लागतं. त्याच्या बोलण्यात थोडी कुरकुर असेल. ती कुरकुर चांगली खूण. ज्या लॅबमध्ये आधीच तयार असलेल्या पर्मनंट स्लाइड दाखवून भागवतात, तिथला अटेंडंट म्हणेल, "सगळं होतं हो इथं."

तुला आठवतं का, तिसरी-चौथीत असताना शाळेला सुट्टी म्हणून माझ्याबरोबर लॅबला आली होतीस? मी मूळ ॲसिटोकार्मिनच्या रंगात थोडं गरम करून काचपट्टीवर ठेवलं, वर कव्हरस्लिप, ब्लॉटिंग पेपर, आणि अंगठ्यानं दाबलं. तुला म्हणालो, काडीच्या मागच्या टोकानं हळू ठोक. तू एवढ्या जोरात ठोकलंस की कव्हरस्लिप फुटली. दुसरी केली. मग डोळा लावून बराच वेळ गप्प राहिलीस आणि म्हणालीस, "आप्पा, मधोमध रांगेत उभे राहिलेत." मेटाफेज होतं ते, पेशी विभागताना गुणसूत्रं मधोमध रांगेत येतात ती पायरी. मला तो शब्द माहीत होता, पण रांग तू दाखवलीस.

तर मायक्रोस्कोपवरचं कव्हर उचलून बघ. धूळ कव्हरच्या वर असेल तर काही नाही, धूळ सगळीकडे असते. आतल्या आयपीसवर, म्हणजे डोळा लावतो त्या भिंगावर, असेल तर परत फिर. हर्बेरियमचं, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या झाडांचं कपाट उघडायला सांग. शीटवर गोळा केल्याची तारीख लिहिलेली असते. सगळ्यात नवी तारीख कुठली आहे ते बघ. आणि शिकवणारे कायम आहेत की तासिकेवर, तेही विचार. विनाअनुदानित पी.जी. असलं की बरेचदा गाइड जूनला एक आणि जानेवारीला दुसरा. त्या बिचाऱ्यांचा दोष नाही, पण तुझा प्रकल्प मध्येच लोंबकळतो.

एकदा प्रवेश झाला की बाकीच्या अटी साध्या. हजेरी ७५ टक्के, जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, वेळेवर तपासून सर्टिफाय झालेलं, अंतर्गत परीक्षा चुकवायची नाही. जर्नलवर सही नाही म्हणून प्रॅक्टिकलच्या दिवशी दाराशी रडणाऱ्या मुली मी दरवर्षी बघतो. तू त्यातली नाहीस.

कागदपत्रांचं मी बघतो. नॉन-क्रिमीलेअर ३१ मार्चला संपतं, हे कुणाच्या लक्षात राहत नाही. मागं एका पोराचं मेरिटमध्ये नाव लागलं, दाखला अडीच महिन्यांपूर्वी संपलेला, नवा मिळेपर्यंत पुढची फेरी गेली. म्हणून मी तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला काढून घेतलाय आणि सेतूमध्ये अर्ज दिलाय. टीसी आणि मायग्रेशन तुझ्या कॉलेजातून निकालानंतरच मिळेल. तुझं क्रेडिट बँकेचं खातं उघडलंय का आणि त्यात चारही सेमिस्टरचे क्रेडिट दिसतात का, ते मात्र तूच बघ, मला ते डिजीलॉकर उघडता येत नाही.

आणि एक. दहावीच्या मार्कशीटवर तुझं आडनाव आधी आहे, आधारवर शेवटी. शिवाय आधारवर वडिलांच्या नावात एक अक्षर कमी आहे, 'व'च्या जागी नुसताच काना. या देशपातळीच्या परीक्षांना फॉर्मवरचं नाव आणि ओळखपत्र जुळलं नाही तर त्रास होतो म्हणतात. सप्टेंबरच्या आत दुरुस्त करायचं. पुढच्या शनिवारी आलीस तर कराडच्या केंद्रात सकाळीच नंबर लावू, मी रजा टाकतो. दहावीचं मूळ मार्कशीट तुझ्याकडेच आहे, ते आण, झेरॉक्स चालत नाही.

आई म्हणते पोह्याचे पापड पाठवते, पण एस.टी.त चुरा होतो. तू आलीस की ने.

तुझे,
आप्पा