अख्खं कऱ्हाड हरवलं होतं

कऱ्हाड, रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय दिप्या,

गणपतीतल्या तुझ्या मेसेजला फाल्गुनात उत्तर देतोय. काय शिव्या द्यायच्या त्या देऊन घे. माझं बरं आहे, आईचा गुडघा तसाच. पण या आठवड्यात जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळायचं नाही.

पतसंस्थेचा डेटा अखेर ओरॅकल डेटाबेसमधून पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये आणला. शनिवारी रात्रभर ओराटूपीजी, ते डेटा हलवणारं टूल, चालवलं. ओळींची संख्या जुळली, ठेवींची बेरीज पैशापर्यंत जुळली. जुन्या फॉन्टमधली नावं त्याच फेरीत युनिकोडमध्ये आली, पडद्यावर सुरेख दिसत होती. निवांत झोपलो.

सोमवारी कुऱ्हाडेआजी पावती घेऊन काउंटरवर आल्या. पोरीनं नाव टाइप केलं, तर नोंद नाही. आजी पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होत्या, "अगं, ठेव आहे माझी." पावती धरलेला हात थरथरत होता रे. मग गावानुसार यादी काढली, तर कऱ्हाडचे सभासद चार! तेही त्याच सकाळी नोंदवलेले. बाकी अख्खं गाव गायब. पाटणची मात्र पूर्ण.

मदत मागायची कुणाकडे? वर्षाचे पैसे मोजून सपोर्ट घेतलाय, तिथं तिकीट टाकलं. उत्तर आलं की सर्व्हर सुरू आहे म्हणून तातडीचं नाही, आणि डेटातला मजकूर करारात बसत नाही. सर्व्हर सुरू आणि आजी रडवेल्या, याला तातडी नाही म्हणायचं? फॉन्ट बदलणारा कन्व्हर्टर ज्यानं लिहून दिला तो फोन उचलेना. उरलं ओराटूपीजी. जील दारोल्ड 2001 पासून ते पर्लमध्ये लिहितोय आणि मोफत देतोय. त्या माणसाला अर्धामुर्धा प्रश्न पाठवायची लाज वाटली. म्हणून तू शिकवलंस तसं मांडायला बसलो: आवृत्ती कोणती, केलं काय, हवं होतं काय, झालं काय, आणि सगळ्यात लहान उदाहरण. ते लहान करत करत एकाच शब्दावर आलो. कऱ्हाड.

आणि तुझं ते भांडण आठवलं. पुण्याच्या मेसमध्ये, मावशींसमोर, ताट बाजूला सारून तू ओरडला होतास, "डोळ्यांनी वाचू नकोस, लांबी मोज!" मी म्हणालो होतो, दिसतं तेच अक्षर असतं. आठ दिवस बोललो नव्हतो आपण.

मोजली लांबी. कन्व्हर्टरनं तो अर्धा र तीन खुणांनी लिहिला होता: साधा र, हलन्त आणि पाठोपाठ न दिसणारा जोडक. नऊ बाइट. काउंटरवरची पोर इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून J ची कळ दाबते, तेव्हा ऱ येतो, मग हलन्त. दोनच खुणा, सहा बाइट. दिसायला सख्खी जुळी, डेटाबेसच्या लेखी दोन परकी माणसं. ओराटूपीजीचा काडीचा दोष नव्हता. बॅकअप घेतला आणि एका रिप्लेसनं काम झालं. र, हलन्त, जोडक अशी तिकडी जिथं होती तिथंच ऱ आणि हलन्त घातले, बाकीचे जोडक राहू दिले. आजींना घरी जाऊन सांगून आलो. त्यांनी हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले. तू असतास तर माझ्या वाट्याचेही फस्त केले असतेस.

आता खरी काळजी सांगतो. 31 मार्चला व्याज लावायचंय. ओरॅकलमध्ये तारखेतून तारीख वजा केली की दिवसांचा आकडा यायचा. ओराटूपीजीनं त्या तारखांचे टाइमस्टँप, म्हणजे तारीख अधिक वेळ, केलेत, आणि पोस्टग्रेस टाइमस्टँपांच्या वजाबाकीला साधा आकडा नाही, इंटर्व्हल म्हणजे कालावधी देतं. दिवस गुणिले दर भागिले 365, हे जिथं जिथं लिहिलंय तिथं हात घालावा लागणार. जिथं एरर येते तिथं निदान कळतं. जिथं गुपचूप वेगळा आकडा येईल त्याची धास्ती वाटते. व्याज काढणारी ही प्रोसिजर तू आणि मीच लिहिलेली. तू गेल्यावर सबंध संस्थेत ती वाचणारा मी एकटा. उद्या मी आजारी पडलो तर? संचालकांना सांगितलं, ते म्हणाले, सपोर्टचे पैसे भरलेत ना.

मंगळवारी रात्री दोनला तुझा नंबर काढून बसलो होतो. सहा महिने उत्तर दिलं नव्हतं, कुठल्या तोंडानं लावणार?

वहिनींची नवी नोकरी कशी आहे? चिमणी तिकडच्या शाळेत रुळली का? तिचा फोटो पाठव, आई रोज विचारते.

आणि हे बघ, व्याजाची प्रोसिजर मेलवर पाठवलीय, जुनी आणि बदललेली, दोन्ही. सोबत नऊ खात्यांचं व्याज हातानं काढून जोडलंय. तिसऱ्या खात्यात सव्वीस पैशांचा फरक येतोय. तो मला सापडत नाहीये. बघशील?

तुझाच,
बाळ्या