पाठ कटकन वाजली म्हणजे सायटिका गेली असं नसतं

संपादक साहेब, नमस्कार,

मार्चमधे एका रविवारी तुमच्या पेपरच्या घडीतून एक रंगीत पॅम्प्लेट पडलं, सायटिका (कमरेतून पायात उतरणारी नसेची कळ) बिना ऑपरेशन, पहिल्याच सिटिंगला फरक, कायरोप्रॅक्टिक सेंटर, म्हणजे हाताने झटका देऊन मणके-सांध्यांवर उपचार करणारे. नाव लिहीत नाही, भांडण करायचं नाहीये, पण जे झालं ते सांगतो.

मी अंबडला कंपनीत लेथवर उभा असतो, राहायला सिडकोत. तेव्हा दीड महिना झाला होता, उजव्या कुल्ह्यातून जी कळ निघायची ती मांडीच्या मागून पोटरीतून थेट अंगठ्यापर्यंत, करंट बसल्यासारखी, बाईक खड्ड्यातून गेली की डोळ्यापुढे काजवे, आणि आपल्याकडे खड्डा नाही असा रस्ता कुठला. आई म्हणायची नस चढली, शेजारचे काका म्हणाले गादी सरकली, हाडवैद्य गाठ. मी मात्र रात्र रात्र रील्स बघत होतो, त्यात कसं माणसाला आडवं करतात, कटकन आवाज येतो आणि तो हसत उठतो, म्हणून मी गेलो.

आधी काउंटरवर दहा सिटिंगचं पॅकेज, पैसे ॲडव्हान्स, मग टेबल. एमआरआयची फाईल सोबत नेली होती ती पिशवीतून बाहेरसुद्धा आली नाही. कुशीवर झोपवलं, गुडघा दुमडला, एक झटका, तीनचार कटकट, म्हणाले बसला मणका जागेवर. खोटं कशाला बोलू, दोन दिवस खरंच हलकं वाटलं, बायकोला म्हटलं पैसे वसूल. मग परत तेच. तिसऱ्या सिटिंगनंतर उजव्या पायातली चप्पल सारखी निसटायला लागली, मला वाटलं चप्पल जुनी झाली.

बहिणीने जबरदस्तीने एका फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे नेलं. त्यांनी पाठीला हातच लावला नाही आधी, म्हणाल्या टाचांवर चालून दाखवा काका. डावा पाय चालला, उजव्याचा चवडा खाली आपटला. मग आडवं करून पाय सरळ वर उचलून बघितला, फाईल मागितली, चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी नसेच्या मुळावर दाबतेय म्हणाल्या आणि त्याच दिवशी स्पाइनच्या डॉक्टरकडे पाठवलं. सगळी मिळून पाच मिनिटांची तपासणी, ती पहिल्या दिवशी का नाही झाली एवढंच माझं म्हणणं आहे. झटक्यांमुळेच पाय गेला असं मी म्हणत नाही, डॉक्टर म्हणाले गादी आपली आपण पण जास्त बाहेर येऊ शकते. पण बघितलं असतं तर कळलं असतं ना.

सुट्टीत घरी होतो तेव्हा जरा वाचलं, डॉक्टरांनाही विचारून डोकं खाल्लं. सायटिक नस म्हणजे शरीरातली सगळ्यात जाड नस, कमरेच्या खालून निघणारी मुळं एकत्र होऊन बनते. बहुतेक लोकांचं दुखणं सहा ते बारा आठवड्यात कमी होतं, गादीचा बाहेर आलेला तुकडासुद्धा शरीर हळूहळू जिरवून टाकतं, म्हणून त्या आठवड्यात ज्याच्याकडे जाल त्याला श्रेय, मग तो हाडवैद्य असो, तेलवाला असो नाहीतर कायरो. आणि तो कटकन आवाज मणका बसल्याचा नसतोच, सांध्यातल्या पाण्यात गॅसची पोकळी होते त्याचा असतो, बोटं मोडल्यावर येतो तसाच.

कायरोप्रॅक्टिक थोतांड आहे असंही नाही. १८९५ साली अमेरिकेत आयोवातल्या डॅव्हनपोर्ट गावात डी. डी. पामर यांनी सुरू केलं (गंमत म्हणजे पहिला पेशंट पाठीचा नव्हता, कानाचा होता), आज तिकडे कॉलेजात काही वर्षं शिकावं लागतं, ब्रिटनमधे १९९४ च्या कायद्याने वेगळं कौन्सिल आहे. तरी तिथे कुठले उपचार द्यावेत हे सांगणारी नाइस नावाची सरकारी संस्था आहे, तिची २०१६ ची गाईडलाईन काय म्हणते, हाताने केलेले उपचार द्या पण व्यायामासोबत, नुसते नाही. आपल्याकडे फिजिओवाल्यांना राज्यात कौन्सिल आहे, कायरोसाठी सरकारी कौन्सिलच नाही. म्हणजे बाहेर जाऊन शिकून आलेला आणि व्हिडिओ बघून शिकलेला, दोघांच्या बोर्डावर शब्द एकच, आपण ओळखायचं कसं? मनपाच्या आरोग्य विभागाने निदान एवढं तरी करावं, काय शिकलात कुठे शिकलात हे दारावर मोठ्या अक्षरात लावायला सांगावं.

आणि तुम्हाला पण एक विनंती. पॅम्प्लेट एजंट घालतो, पेपरचा संबंध नाही, मला माहितीये, पण पेपरच्या घडीतून आलं की आमच्या आईसारखी माणसं त्याला बातमीच समजतात. तर आरोग्याच्या पानावर एकदा चौकटीत छापा की पाऊल उचलेना, लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, संडासवर ताबा राहिला नाही, बसायची जागा बधिर झाली तर मसाज नको, झटका नको, त्याच रात्री सिव्हिलला किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलला जा, कारण तिथे उशीर झाला तर ते कायमचं राहू शकतं.

माझं ऑपरेशन टळलं, टाचेवर आता दहाबारा पावलं चालतो, व्यायाम चालू आहे. उरलेल्या सात सिटिंगचे पैसे मागायला गेलो तर म्हणाले रिफंड नाही, पण घरातलं दुसरं कोणी आलं तरी चालेल. आईचे गुडघे दुखतात, तिला अजून हे सांगितलेलं नाही.

एक वाचक, सिडको, नाशिक