महेश्वरच्या घाटासाठी दोऱ्या, रिंगा आणि पाण्याची तपासणी, हातभार लावा

नमस्कार मंडळी, सुट्ट्या लागल्या की इंदूरला आपल्याकडे पाहुणे येतात आणि पाहुणे आले की महेश्वर ठरलेलंच असतं. नर्मदेच्या घाटावर पोचल्यावर आपण चपला काढेपर्यंत पोरं पाण्यात! मागच्या मे महिन्यात माझा भाचा असाच उतरला, पायऱ्यांवर शेवाळ, पाय सटकला आणि पुढची पायरी सापडलीच नाही, पोरगं एकदम डोकं बुडेल इतक्या पाण्यात. एका नावाड्याने वल्हं पुढे केलं, ते त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरलं म्हणून वाचला. आम्ही पाच मोठी माणसं काठावर, आणि कोणाच्या हाताशी टाकायला साधी दोरी नाही.

म्हणून आपल्या राजेंद्र नगरच्या मंडळाने ठरवलंय की घाटावर आणि जवळच्या सहस्रधारेला, म्हणजे नर्मदा खडकांतून धारांनी वाहते तिथे, दोरी बांधलेल्या तरंगत्या रिंगा लावायच्या, परवानगीचा अर्ज दिलाय. सहस्रधारेचं जास्त टेन्शन आहे. २०२३ला खेलो इंडियाच्या कनू स्लॅलम (खळाळत्या पाण्यातून छोटी होडी वल्हवायच्या) स्पर्धा तिथेच झाल्या, ते खेळाडू हेल्मेट आणि लाइफ जॅकेट घालून उतरतात, आणि आपली मुलं त्याच खडकांत हाफ पँटवर उड्या मारतात. शिवाय वर ओंकारेश्वरचं धरण आहे, पाणी सोडलं की इथे कडक ऊन असलं तरी पातळी चढते. २००५च्या एप्रिलमध्ये धाराजीच्या मेळ्यात वरच्या धरणातून आलेल्या पाण्यात साठेक माणसं गेली, जुन्या लोकांना आठवत असेल. म्हणून पाणी सोडल्याचा सायरन वाजला की सामान सोडा आणि वर या, एवढं ठळक लिहिलेले बोर्डही हवेत, हिंदीत आणि मराठीत दोन्ही.

दुसरं म्हणजे पाणी. आम्ही घाटाजवळचं पाणी टेस्टिंग किटच्या बाटलीत भरून घरी आणलं, देवघराच्या बाजूला ठेवलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघतो तर बाटली काळी. म्हणजे त्यात मैल्याचे जंतू असण्याची दाट शक्यता, पण किती आहेत ते त्यातून कळत नाही, त्यासाठी नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी लॅबला द्यावा लागतो. आंघोळीच्या पाण्यात १०० मिलीला फीकल कोलिफॉर्म (हेच मैल्याचे जंतू) ५००पर्यंत असावेत आणि २५००च्या वर चालतच नाहीत, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. एकदा तपासून काही उपयोग नाही, दर महिन्याला करायचंय, पहिल्या पावसानंतर तर नक्कीच, कारण तेव्हा सगळी घाण वाहून येते. आणि हे फक्त महेश्वरवाल्यांचं काम नाही हो, १९७८पासून आपल्या नळाला नर्मदा येते ती तिथल्याच जलूदहून, रोज पितो आपण.

तर रिंगा, वीसेक मीटरच्या नायलॉन दोऱ्या, बोर्ड, एक आइस बॉक्स आणि लॅबची फी एवढ्यासाठी पैसे हवेत. १०० रुपये दिले तरी चालतील, कोणी अख्खी रिंग दिली तर उत्तमच. घरात लाइफ जॅकेट पडून असेल, लहान मुलांचं तर खास, तेही द्या. रविवारी संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये वही ठेवलेली असते, पावती लगेच मिळते, हिशोब नोटिस बोर्डावर लागेल. पैसे जमत नसतील तर महिन्यातला एक रविवार द्या, नमुना आणायला गाडी आणि माणूस दोन्ही लागतात. डॉक्टर किंवा नर्स असाल तर नावाड्यांना सीपीआर (छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवणं) शिकवायला चला प्लीज, अजूनही लोक बुडालेल्याला उलटं धरून पोट दाबतात आणि तोंडाने श्वास द्यायचा राहूनच जातो.

पहिल्या रिंगा पाऊस सुरू व्हायच्या आत लावायच्या आहेत.