राहिलेली हजेरी कानशीनेच भरून घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कायद्याच्या विद्यार्थ्यांबाबत निकाल दिला, की केवळ हजेरी कमी भरली म्हणून त्यांना परीक्षेला बसण्यापासून अडवू नये. तेव्हापासून ओळखीतले इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या मुलांचे पालक मला विचारतात, मग आमच्या पोराला 75 टक्के हजेरीसाठी का डिटेन करतात, परीक्षेला का बसू देत नाहीत? तो निकाल कायद्याच्या शिक्षणापुरता आहे, हे मी त्यांना सांगतो. पण तेवढ्याने त्यांचं समाधान होत नाही, आणि होऊही नये. माझी सगळी नोकरी तंत्रनिकेतनाच्या कर्मशाळेत निदेशक म्हणून, पहिल्या वर्षाच्या पोरांना फिटिंग आणि वेल्डिंग शिकवण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगतो, हजेरीची अट हवीच. ती ज्या पद्धतीने मोजली जाते आणि कमी पडली की जशी भरून घेतली जाते, ते मात्र बदलायला हवं.

कानस, म्हणजे लोखंड घासायचं हत्यार, चालवणं वाचून येत नाही. पुढे ढकलताना दाब द्यायचा, मागे घेताना हात हलका ठेवायचा. सुरुवातीला डाव्या हाताचा जोर जास्त, कानस पुढे सरकेल तसा तो उजव्या हाताकडे गेला पाहिजे. हे जमलं नाही की जॉबचा, म्हणजे घासायला दिलेल्या तुकड्याचा, माथा सपाट होण्याऐवजी दोन्ही कडांना उतरतो. पोरगं म्हणतं, ‘सर, सरळ झालाय.’ मी म्हणायचो, ‘गुण्या लाव आणि खिडकीकडं धर.’ गुण्या म्हणजे काटकोन तपासायची पट्टी. फटीतून उजेड दिसला की ते मुकाट्याने परत व्हाइसवर जायचं. तिसऱ्या-चौथ्या पाळीला कुठे हाताला समज येते. मग मेल-फिमेल जॉबचे दोन तुकडे एकमेकांत बसतात तेव्हा त्या पोराचा चेहरा बघावा! जो या पाळ्यांना आलाच नाही त्याला हे दुसऱ्याची वही उतरवून कसं मिळणार? आणि लेथच्या चकमध्ये, म्हणजे जॉब पकडून फिरणाऱ्या भागात, तो आवळायची चावी तशीच ठेवून मशीन चालू केलं तर काय होतं, हे ज्या दिवशी सांगितलं त्या दिवशी जो गैरहजर होता, त्याची मला नेहमी धास्ती वाटायची.

आता टक्केवारीचा हिशेब बघा. बहुतेक ठिकाणी थिअरी आणि प्रॅक्टिकलची बेरीज करून एकच आकडा काढतात. आठवड्याचे 32 तास धरा, त्यात कर्मशाळेचे 4. एखादा मुलगा सत्रभर कर्मशाळेत फिरकलाच नाही, पण बाकी सगळ्या तासांना बसला, तर त्याची हजेरी भरते साडेसत्याऐंशी टक्के. म्हणजे तो नियमित! उलट एमआयडीसीत रात्रपाळी करून शिकणारा मुलगा घ्या. असे कितीतरी आहेत, घरचं भागत नाही म्हणून. आठवड्यातले पाच दिवस त्याचे पहिले दोन तास बुडाले तर तो एकोणसत्तरच्या खाली येतो, जरी त्याने एकही प्रॅक्टिकल चुकवलं नसलं तरी. पहिला परीक्षेला बसतो आणि दुसऱ्याचं नाव डिफॉल्टर यादीत लागतं.

थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांचं दुखणं वेगळं. बारावी किंवा आयटीआय करून आलेल्या या मुलांना कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, शेवटच्या फेरीत प्रवेश मिळतो, तोवर वर्ग कधीच सुरू झालेले असतात. त्यांची हजेरी सत्राच्या पहिल्या दिवसापासून धरणं हा सरळ अन्याय आहे. ती प्रवेशाच्या तारखेपासूनच धरली पाहिजे.

सगळ्यात वाईट वाटतं ते सत्र संपताना. तोवर मस्टरकडे कुणी बघत नाही. सबमिशनच्या आठवड्यात एकदम यादी लागते, पालकांना बोलावतात, अंडरटेकिंग लिहून घेतात, आणि कमी हजेरीच्या बदल्यात असाइनमेंट. पोरं रात्र-रात्र जागून एकमेकांचं उतरवतात. माझ्या पुतण्याकडून एका खासगी कॉलेजने हजेरीपोटी पैसे घेतले आणि पावतीवर ‘इतर शुल्क’ लिहिलं. पैसे भरले, हॉल तिकीट मिळालं. वेल्डिंग त्याला आजही येत नाही. इलेक्ट्रोड चिकटला की हात ओढून घेतो.

जुना जॉब मिळवायचा, त्यावर पंच केलेला रोल नंबर घासून काढायचा आणि आपला मारायचा, हा प्रकारही याच आठवड्यात चालतो. मी असे जॉब हातात घेऊन बघितले आहेत. घासलेल्या जागी बोट फिरवलं की खळगा लागतो. तंत्रशिक्षण मंडळाच्या प्रयोगपुस्तिकेत प्रत्येक प्रात्यक्षिकाखाली काम कसं केलं याचे गुण वेगळे आणि काम कसं झालं याचे वेगळे द्यायची चौकट असते. फार विचार करून घातलेली चौकट आहे ती. जो मुलगा त्या दिवशी नव्हताच, त्याला पहिल्या रकान्यात गुण कशाच्या आधारावर देतात?

म्हणून माझी तंत्रशिक्षण मंडळाला आणि प्राचार्यांना कळकळीची विनंती आहे. प्रात्यक्षिकाची हजेरी थिअरीत मिसळू नका, वेगळी धरा आणि तिथे कडक राहा. थिअरीबाबत नोकरी करणाऱ्या, आजारी किंवा घरी अडचण असलेल्या मुलांना थोडी ढील द्या. थिअरीचं ज्ञान तपासायला चाचणी आणि 70 गुणांचा पेपर आहेच. मस्टर दर महिन्याला नोटीस बोर्डावर लावा, म्हणजे पहिल्याच महिन्यात घसरलेल्या पोराला गाठून विचारता येईल, ‘काय रे, का येत नाहीस?’ निम्म्या वेळा या एका प्रश्नानेच गाडी रुळावर येते. आणि राहिलेलं प्रात्यक्षिक शनिवारी कर्मशाळा उघडी ठेवून त्याच्याच हातून करून घ्या. दंड नको, असाइनमेंट नको.

यावर उत्तर येईल की निदेशकांची पदं रिकामी आहेत, शनिवारी कोण थांबणार? अडचण खरी आहे. पण अर्ध्या दिवसाला लागतं काय? वीज, एमएस फ्लॅटचे (लोखंडी पट्टीचे) काही तुकडे, इलेक्ट्रोडचं एखादं पाकीट, शिपाई आणि एका माणसाचं मानधन. माझ्यासारखे निवृत्त निदेशक जिल्ह्याजिल्ह्यात आहेत, त्यांना तासिका तत्त्वावर बोलवा. आमच्या जिल्ह्यातल्या कुठल्याही तंत्रनिकेतनाने येत्या सत्रापासून हे सुरू केलं तर शनिवारी सकाळी मी मानधनाशिवाय यायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त कर्मशाळा निदेशक,
जि. सांगली