माजघरातल्या तुळईखाली

पुणे,
12 ऑक्टोबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. लेकीचा ऑनलाइन वर्ग माडीवर मध्येच तुटतो, म्हणून ती वही-पेन घेऊन ओटीवर येऊन बसते आणि तिथे आल्यागेल्याच्या बोलण्यात तिचे लक्ष लागत नाही, हे वाचून फार वाईट वाटले. सहा अँटेनांचा महागडा राउटर घेण्याचा तुझा विचार आहे, तो मी येईपर्यंत तरी थांबव. गणपतीत चार दिवस तुझ्याकडे होतो, तेव्हा तुझा राउटर कुठे ठेवला आहे ते मी नीट पाहिले होते. यंत्र चांगले आहे. त्याला जागा मात्र वाईट मिळाली आहे, याची मला खात्री वाटते.

फायबरची तार ओटीच्या खिडकीच्या चौकटीतून आत येते, म्हणून जोडणीला आलेल्या मुलाने राउटर तिथेच, टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाला टेकवून ठेवला. त्याला दिवसभरात आणखी घरे उरकायची असतात, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. परंतु राउटर आपल्या लहरी चहूबाजूंनी सोडतो, आणि तो घराच्या एका टोकाला असला की त्यांतल्या जवळजवळ निम्म्या अंगणात जाऊन वाया जातात. उरलेल्यांपैकी बऱ्याचशा टीव्ही आणि कपाट यांच्या पत्र्यावर आपटून परततात, कारण धातूच्या सलग पत्र्यातून या लहरी पार होतच नाहीत. त्यातून जे काही वाचते, त्याच्या वाट्याला तुझ्या घराच्या भिंती येतात.

तुझ्या भिंती जांभ्याच्या आहेत आणि फूटभर तरी जाड आहेत. आजोबांनी बांधलेल्या त्या भिंतींनी घर उन्हाळ्यात गार ठेवले, पण जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसाळ्यात तो पाणी धरतो, आणि पाणी रेडिओलहरी शोषून घेते. पावसाळा सुरू झाला की रेंज आणखी पडते असे काकू म्हणाल्या होत्या, ते मला अगदी पटण्यासारखे वाटले. शिवाय लहर भिंतीतून सरळ गेली तर तिला 12 इंच दगड ओलांडावा लागतो, पण 45 अंशांत तिरकी गेली तर तोच दगड सुमारे 17 इंच होतो. ओटीच्या कोपऱ्यातून माडीवरच्या खोलीकडे जाणारी वाट अशीच तिरकी आहे आणि तिच्यात अशा दोन भिंती येतात.

मी इतक्या ठामपणे लिहितो, याचे कारण हेच सारे आमच्या फ्लॅटमध्ये दोन वर्षे सोसले आहे. आमचाही राउटर दिवाणखान्यात टीव्हीखालच्या कप्प्यात होता. आई मागच्या खोलीत झोपते. ताईचा व्हिडिओ कॉल आला की आईला दरवेळी उठून बाहेर यावे लागे, आणि तिचे गुडघे दुखू लागल्यावर तिने ते कॉल घेणेच कमी केले. मला हे फार उशिरा लक्षात आले. मग फोनवर सिग्नल मोजण्याचे एक अ‍ॅप उतरवले. त्यात आकडा डीबीएम या सिग्नलच्या ताकदीच्या मापात, उणे चिन्हासह दिसतो आणि तो शून्याकडे जितका सरकेल तितका चांगला: उणे 50 म्हणजे उत्तम, व्हिडिओ कॉलसाठी साधारण उणे 67 पर्यंत चालते, आणि उणे 80 ला काहीच धड होत नाही. आईच्या पलंगापाशी उणे 78 दिसत होते. राउटर पॅसेजमधल्या माळ्याच्या कडेवर, जमिनीपासून सात फुटांवर नेला आणि पलंगापाशी उणे 62 झाले. हा 16 चा फरक लहान दिसतो, पण या मापात दर 10 ला सिग्नल दहापट होतो, म्हणजे या फरकाचा अर्थ जवळजवळ 40 पट. यंत्र तेच, जोडणी तीच, खर्च फक्त एका लांब तारेचा.

आता तुझ्या घराविषयी. माझ्या मते राउटरची जागा माजघरात, मधल्या तुळईच्या खाली आहे. माजघर घराच्या मध्यावर आहे हे एक कारण झाले. त्याहून मोठे कारण असे की माडीची जमीन फळ्यांची आहे. सुके लाकूड या लहरींना फारसे अडवत नाही, त्यामुळे माजघरातून वर जाणाऱ्या लहरींना जांभ्याच्या भिंतीऐवजी इंचभर फळी ओलांडावी लागेल. आमच्याकडे वरच्या मजल्यापर्यंत पोहोचायला सळ्यांनी भरलेला काँक्रीटचा स्लॅब आडवा येतो. तुझे हे भाग्य मला नाही. शिवाय ओटी, माजघर आणि मागची पडवी यांची दारे तुझ्याकडे एका ओळीत आहेत. राउटर त्या ओळीवर आला की दोन्हीकडे उघड्या दारांतून वाट मिळते.

मात्र तुळईला काही ठोकण्याआधी मोजून घे. लेकीला फोन देऊन तिच्या टेबलापाशी, वहिनींना स्वयंपाकघरात आणि तू स्वतः मागच्या पडवीत, असे तीन आकडे आजच्या जागेवरून लिहून ठेव, आणि राउटर हलवल्यावर पुन्हा त्याच ठिकाणी मोज. राउटरला तारेने लॅपटॉप जोडून एकदा वेगही पाहा, कारण तारेवरच वेग कमी असेल तर खोट बाहेरच्या लाइनमध्ये आहे आणि जागा बदलून काही होणार नाही.

फायबर स्वतः ओढू नकोस. आत काचेचा केसासारखा धागा असतो, तो करकचून वाकवला की प्रकाश वाकणाच्या जागी बाहेर गळतो. फायबरची तार जिथे येऊन संपते तो डबा ओटीवरच राहू दे आणि तिथून माजघरापर्यंत लॅन केबल नेऊन राउटर तिला जोड. या केबलला 100 मीटरपर्यंत अडचण नसते आणि तुला पंधरासुद्धा पुरतील. ती केसिंग पट्टीतून ने, तुझ्याकडच्या उंदरांचा मला अनुभव आहे. टोके तयार करून घेताना आठही तारा नीट बसल्या आहेत ना, ते तपासून घे. त्यांतल्या चारच जुळल्या तर जोडणी चालते, पण वेग 100 मेगाबिटच्या वर जात नाही आणि माणूस वायफायला दोष देत बसतो.

अँटेनांचे लहानसे पण महत्त्वाचे आहे. उभी अँटेना आडव्या दिशेने चांगली पसरते आणि थेट डोक्यावर सर्वांत कमी. तुझ्या दोन अँटेनांपैकी एक उभी ठेव, ती ओटी आणि पडवी सांभाळेल. दुसरी आडवी कर, ती माडीसाठी. राउटरचे दोन पट्टे, म्हणजे लहरींच्या दोन वारंवारता असतात, 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ. पहिल्याची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटरची असते आणि भिंतीतून बरी जाते, दुसरा वेगवान पण नाजूक आहे. लेकीला 5 दे, पडवीला 2.4 राहू दे. वहिनींचा मायक्रोवेव्ह ओव्हनही 2.4 च्याच आसपास चालतो, म्हणून तो सुरू असताना स्वयंपाकघरातला आकडा किंवा वेग घेऊ नकोस. चॅनलांची, म्हणजे पट्ट्यातल्या लहान लहान भागांची, चिंता तुला नको. आमच्या इमारतीत वीसेक नेटवर्क एकमेकांवर चढतात म्हणून मला 1, 6 किंवा 11 निवडत बसावे लागते, तुझ्या वाडीत तसे काही नाही.

एवढे करून मागच्या गोठ्यापर्यंत रेंज गेली नाही, तर रिपीटर, म्हणजे सिग्नल पकडून पुढे पाठवणारे यंत्र, घेण्याची घाई करू नकोस. स्वस्त रिपीटर ऐकतो आणि बोलतो एकाच चॅनलवर, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. आणि लोक तो जिथे सिग्नल पोहोचतच नाही तिथे लावतात, मग त्याला पुढे पाठवायला काही मिळतच नाही. माझ्याकडचा जुना राउटर मी घेऊन येतो. लॅन केबलने जोडून पडवीत तो ठेवू.

दिवाळीच्या सुट्टीत वसुबारसेला सकाळी पोहोचेन. तोवर ते तीन आकडे मोजून कागदावर लिहून ठेव, आणि माडीवरचा आकडा लेकीच्या टेबलापाशीच मोज, जिन्याशी नको.

काकूंना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझाच,
मित्र